बाळाच्या शीमधला आकडा नेमका काय सांगतो? एका गाजलेल्या पेपरचं टीकात्मक वाचन



पेटच्या मुलाखतीला जाणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: 'पेपरवर टीका करा' असं सांगितलं तर नेमकं करायचं काय? चुका शोधायच्या? सॅम्पल साइज कमी आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं? आज एक खरा पेपर घेऊन दाखवतो. तो निवडण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण सांगतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रपोजल लिहिलं होतं. कल्पना सोपी होती. अंगणवाडीत येणाऱ्या आणि त्याहून लहान मुलांच्या शीचे नमुने घ्यायचे, तीन एलायझा किट वापरायची आणि कोणत्या मुलाची उंची पुढे खुंटणार ते आधीच ओळखायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालची ३५.५ टक्के भारतीय मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के. तेव्हा प्रश्न मोठा होता आणि माझ्याकडे उत्तर होतं, असं मला वाटत होतं. समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "यातली अंगावर पिणारी बाळं किती? आणि निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये हे आकडे किती असतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रपोजल परत आलं. मग ज्या पेपरच्या जिवावर मी ते लिहिलं होतं, तो पहिल्यांदा नीट वाचला. आधी फक्त अॅबस्ट्रॅक्ट वाचला होता. तुम्ही करू नका असं.

आधी पार्श्वभूमी: शीमध्ये शोधतात काय?

आतड्याला दाह झाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात येतात, तिथून पोकळीत उतरतात आणि शीबरोबर बाहेर पडतात. पेशी फुटतात, पण त्यांच्यातली काही प्रथिनं टिकून राहतात. ती मोजली की आत किती न्यूट्रोफिल आले होते याचा अंदाज येतो. एंडोस्कोपी नको, सुई नको, डायपरमधला चमचाभर नमुना पुरतो. लहान मुलांसाठी ही केवढी सोय आहे ते वेगळं सांगायला नको.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रथिन म्हणजे कॅलप्रोटेक्टिन. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा याचा असतो, आणि साध्या तापमानाला ते शीमध्ये काही दिवस टिकतं. क्रोन्ससारखा आतड्याचा दीर्घकालीन दाह आणि नुसतं चिडचिडं आतडं यांतला फरक ओळखायला ते फार उपयोगी पडतं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये त्याच कामासाठी त्याची शिफारस केली. मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ, हेही न्यूट्रोफिलमधलंच, पण एन्झाइम. निओप्टेरिन वेगळं आहे: इंटरफेरॉन-गॅमाचा इशारा मिळाला की मॅक्रोफेज ते बनवतात. म्हणजे ते प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या फळीची बातमी देतं. अल्फा-१-अँटिट्रिप्सिन, म्हणजे एएटी, हे मुख्यतः यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन. ते सहज पचत नाही. म्हणून ते शीमध्ये जास्त दिसलं, तर रक्तातली प्रथिनं आतड्यात गळतायत असा अर्थ लावतात.

थोडक्यात, एमपीओ आणि निओप्टेरिन दाह सांगतात, एएटी गळती सांगतं. निदान पाठ्यपुस्तकात तरी.

पेपर काय आहे?

मार्गारेट कोसेक आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन'मध्ये आला. 'मॅल-एड' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा तो भाग. आठ देशांत आठ ठिकाणं: ढाका, वेल्लोर, भक्तपूर, पाकिस्तानातलं नौशहरो फिरोझ, ब्राझीलमधलं फोर्तालेझा, पेरूमधलं लोरेटो, दक्षिण आफ्रिकेतलं वेंडा आणि टांझानियातलं हेडॉम. बाळं जन्मापासून देखरेखीखाली.

प्रश्न असा होता. गरीब वस्त्यांतल्या अनेक मुलांना जुलाब नसतानाही आतड्यात सौम्य, दीर्घ दाह असतो. त्याला एन्व्हायर्नमेंटल एंटेरिक डिसफंक्शन, ईईडी, म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. मूल खातं, हसतं, खेळतं, पण उंची वाढत नाही. मग जुलाब नसलेल्या मुलाच्या शीमधून हा छुपा दाह पकडता येईल का, आणि तो पुढच्या वाढीशी जोडता येईल का?

५३७ मुलांचे नमुने. त्यांतून एएटीचे १,१६९, एमपीओचे ९१६ आणि निओप्टेरिनचे ९५४ निकाल. तिन्हींचा वाढीशी संबंध सापडला. मग तिन्हींचा मिळून ० ते १० असा एक स्कोअर केला. सर्वांत वरच्या स्कोअरची मुलं पुढच्या सहा महिन्यांत सर्वांत खालच्या स्कोअरच्या मुलांपेक्षा १.०८ सेंटिमीटर कमी वाढली. जुलाबाचं प्रमाण हिशेबात धरूनही.

एक सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. दुसऱ्या अख्ख्या वर्षात निरोगी मूल साधारण १२ सेंटिमीटर वाढतं. त्या मापाने सहा महिन्यांत एक सेंटिमीटर मागे पडणं किरकोळ नाही.

निष्कर्षाचा सूर असा: या परवडणाऱ्या, त्रास न देणाऱ्या चाचण्या वाढ खुंटण्याचा धोका असलेली मुलं वेगळी दाखवतात. माझं प्रपोजल याच वाक्यावर उभं होतं, आणि माझी टीकाही याच वाक्यावर आहे.

आधी श्रेय

टीकात्मक वाचन म्हणजे फक्त दोष दाखवणं नव्हे, म्हणून आधी चांगलं सांगतो. नमुना आधी आणि वाढ नंतर मोजली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकाच दिवशी दोन्ही मोजलं असतं तर काय आधी नि काय नंतर हे कळलंच नसतं. जुलाब नसतानाचे नमुने घेतले, त्यामुळे 'जुलाबामुळेच दाह दिसला' हा सोपा आक्षेप गळून पडतो. आणि एका गावावर न थांबता आठ ठिकाणं घेतली. इतकं काटेकोर काम या विषयात तोवर फार कमी झालं होतं.

आता प्रश्न.

प्रश्न पहिला: 'जास्त' म्हणजे कोणापेक्षा जास्त?

मॅडमचा प्रश्न हाच होता. उत्तराची सुरुवात कॅलप्रोटेक्टिनपासून करतो, कारण त्यावर निरोगी बाळांचा डेटा आहे.

चार वर्षांवरच्या मुलांत आणि मोठ्यांत ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम ही नेहमीची सीमा. आता नॉर्वेतल्या २००२ च्या एका अभ्यासाचे आकडे बघा. पोटात कळ येऊन रडणाऱ्या बाळांची सरासरी २७८. ठणठणीत बाळांची २७७. आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्या मोठ्या मुलांची २९३. निरोगी मोठ्या मुलांची ४०.

परत एकदा वाचा. ठणठणीत बाळ आणि आतड्याच्या आजाराचं मोठं मूल यांचा आकडा जवळजवळ सारखा! मोठ्यांची सीमा लावली तर प्रत्येक बाळ आजारी ठरेल. खरं तर ते आजारी नसतं. त्याचं आतडं नवीन असतं, रोज नवे जंतू वस्तीला येत असतात, प्रतिकारशक्ती त्यांची ओळख करून घेत असते. बाळाच्या आतड्यात न्यूट्रोफिलची ये-जा हा काही अंशी वाढीचाच भाग आहे.

आता मॅल-एडकडे परत या. २०१७ मध्ये याच प्रकल्पातून दुसरा पेपर आला, खूप मोठ्या डेटावर: २,०७६ मुलं, २२,८४६ नमुने, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत. त्यात तिन्ही मार्करची सरासरी निरोगी प्रौढांच्या प्रकाशित आकड्यांपेक्षा बरीच वर निघाली. पण वयाबरोबर ती खाली येत गेली. आणि नुकतंच आईचं दूध प्यायलेल्या मुलांत एमपीओ आणि एएटी दोन्ही जास्त निघाले.

इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. आईच्या दुधात एएटी असतंच, आणि ते सहज पचत नाही. म्हणजे शीमध्ये दिसलेलं एएटी बाळाच्या आतड्यातून गळलेलं आहे की आईच्या दुधातून आलेलं आहे, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. दुधात पांढऱ्या पेशीही असतात. लॅक्टोफेरिन या आणखी एका मार्करची तर हीच मोठी अडचण आहे, कारण ते आईच्या दुधातच भरपूर असतं.

हा तांत्रिक बारकावा नाही. समजा उद्या एखाद्या तालुक्यात ही चाचणी सुरू झाली. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला कोणीतरी कागद दाखवून म्हणालं, 'बाळाच्या आतड्याला सूज आहे.' तिचा पहिला प्रश्न काय असेल? 'माझं दूध बाधतंय का?' आणि घरातलं कोणीतरी म्हणेल, बंद करून बघ. ज्या आकड्यात दुधाचा स्वतःचा वाटा आहे, त्या आकड्यामुळे दूध तुटलं तर आपण संशोधन करून बाळाचं नुकसान केलं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नाबरोबर चालू ठेवायला सांगते. त्या सल्ल्याच्या विरुद्ध बोलणारा आकडा छापण्याआधी शंभरदा विचार करायला हवा.

प्रश्न दुसरा: एका मुलाचा एक नमुना पुरतो का?

२०१७ च्या पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे: एकाच मुलाच्या वेगवेगळ्या नमुन्यांत आकडे फार वरखाली होतात. आज वरच्या गटात असलेलं मूल पुढच्या नमुन्यात मधल्या गटात जाऊ शकतं.

याचे दोन परिणाम होतात, आणि मुलाखतीत दोन्ही सांगता आले पाहिजेत. गटाचा विचार केला, तर मापनातला असा गोंधळ संबंध बहुधा फिका करतो. म्हणजे खरा संबंध १.०८ सेंटिमीटरपेक्षा मोठाही असू शकतो. हा मुद्दा पेपरच्या बाजूने जातो. पण एका मुलाचा विचार केला, तर चित्र उलटं होतं. एका नमुन्यावरून त्या मुलाबद्दल काही ठरवणं धोक्याचं आहे.

आणि सरासरीतला फरक म्हणजे भाकीत नव्हे. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते, हे पक्कं. पण पडद्यामागे १६५ सेंटिमीटर उंचीचं कोणीतरी उभं आहे एवढंच सांगितलं, तर ती बाई की बुवा हे खात्रीने सांगाल का? 'वरच्या स्कोअरचा गट कमी वाढला' यावरून 'हे मूल कमी वाढणार' इथे उडी मारताना माझा पाय इथेच घसरला होता.

प्रश्न तिसरा: स्कोअर कसा बनला?

स्कोअर बनवायची पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक मार्करसाठी खालच्या पाव भागातल्यांना ०, मधल्यांना १, वरच्या पाव भागातल्यांना २. मग एएटी आणि एमपीओच्या गुणांना दोनने गुणायचं, निओप्टेरिनला एकने, आणि बेरीज. जास्तीत जास्त १०.

आता विचार करा. 'वरचा पाव भाग' कोणातला? त्या अभ्यासातल्याच मुलांमधला. म्हणजे हा स्कोअर वर्गातल्या क्रमांकासारखा आहे, टक्क्यांसारखा नाही. एका वर्गातला दहावा नंबर दुसऱ्या वर्गात पहिला येऊ शकतो. मी वेल्लोर-ढाक्याच्या डेटावर बनलेला स्कोअर उचलून माझ्या तालुक्यात लावला असता, तर दहापैकी आठ गुण मिळालेल्या मुलाबद्दल मला नेमकं काय कळलं असतं? माझ्याच तालुक्यात त्याचा क्रमांक वरचा आहे, एवढंच. सगळा तालुका निरोगी असता तरी कोणीतरी वरच्या पाव भागात असणारच!

प्रश्न चौथा: आतड्याचा कुठला भाग, आणि आधी कोण?

ईईडी हा मुख्यतः लहान आतड्याचा आजार मानला जातो. शी मात्र अख्ख्या आतड्याचा प्रवास करून येते. तिच्यातला एमपीओ लहान आतड्यातून आला की मोठ्या, हे तिच्यावरून कळत नाही. मोठ्या आतड्यात जंतूसंसर्ग असला तरी आकडा वाढतो. मॅल-एडच्याच डेटात तिन्ही मार्करचा जंतूंच्या उपस्थितीशी संबंध दिसला. पण कोणत्या जंतूने किती, आणि वर की खाली, हे जंतूगणिक बदललं.

इथे कन्फाउंडरचा प्रश्न येतो. कॅम्पिलोबॅक्टर घ्या. याच आठ ठिकाणच्या मुलांत त्याचा जास्त संसर्ग असलेली मुलं दोन वर्षांची होईपर्यंत उंचीत मागे पडलेली दिसली, आणि त्यांच्यात आतड्याचा दाहही जास्त दिसला. मग उंची दाहामुळे कमी झाली, की कॅम्पिलोबॅक्टरने दोन्ही गोष्टी केल्या? की कोंबड्या घरात फिरतात, पाणी दूषित आहे, ताटात अन्न कमी आहे, अशा घराने तिन्ही गोष्टी केल्या? निरीक्षणात्मक अभ्यासाला याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. जुलाब हिशेबात धरला म्हणजे गरिबी हिशेबात धरली असं होत नाही.

मग पुढे काय झालं?

चांगला दावा दुसऱ्या हातांत टिकतो का, हे बघायचं असतं. ढाक्याच्या २४६ मुलांवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. हेच तीन मार्कर, हाच १० गुणांचा स्कोअर, पण वाढ दर तीन महिन्यांची. एमपीओ जास्त असलेली मुलं दुसऱ्या वर्षात थोडी जास्त मागे पडली: उंचीच्या झेड-स्कोअरमध्ये तीन महिन्यांना सुमारे ०.१ ने. एएटी आणि निओप्टेरिनचा वाढीशी संबंध सापडला नाही. एकत्रित स्कोअरचा सापडला.

हा निकाल कसा वाचाल? 'दावा खोटा ठरला' हे चूक. 'दावा सिद्ध झाला' हेही चूक. तीनपैकी एक धागा टिकला, आणि तो कोणत्या वयात टिकला तेही कळलं. संबंध दुसऱ्या वर्षात दिसतो हे मला तरी अर्थपूर्ण वाटतं, कारण तोवर पहिल्या महिन्यांतली नैसर्गिक ये-जा ओसरलेली असते. हा माझा अंदाज आहे, पेपरचा निष्कर्ष नाही. तुम्हीही लिहिताना हा फरक दाखवत जा.

या मार्करची गरज मात्र संपलेली नाही, उलट वाढली आहे. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले. पाणी, संडास, हात धुणं यांवर मेहनत घेऊनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. का पडला नाही? आतड्याचा दाह कमीच झाला नाही, की दाह कमी होऊनही उंची वाढली नाही? हे कळायला आतड्याच्या आत डोकावणारं साधन लागतं, आणि हजारो निरोगी दिसणाऱ्या बाळांची एंडोस्कोपी कोणी करणार नाही. शीमधले मार्कर म्हणूनच हवेत. फक्त ते एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करायला हवेत, एका बाळाच्या कपाळावर शिक्का मारायला नकोत.

माझं मत असं: २०१३ च्या पेपरचा डेटा भक्कम आहे, पण त्याचं शेवटचं वाक्य डेटापेक्षा एक पाऊल पुढे गेलं, आणि माझ्यासारखे त्यावरून दहा पावलं पुढे धावले. ते पाऊल मागे घ्यायला लावणारा पुरावा बऱ्याच अंशी त्याच प्रकल्पाने पुढे स्वतःच छापला. याला मी अपयश म्हणणार नाही. विज्ञान चाललं तर असंच चालतं.

तुमच्या वहीसाठी

कोणताही बायोमार्करचा पेपर हातात आला की एवढं विचारा:

- 'जास्त' हे कोणाच्या तुलनेत? ती तुलनेची माणसं माझ्या माणसांच्या वयाची आहेत का?
- हे प्रथिन शरीराबाहेरून, म्हणजे दुधातून, अन्नातून येऊ शकतं का?
- त्याच व्यक्तीत उद्या मोजलं तर आकडा तोच येईल का?
- स्कोअर स्वतःच्या पायावर उभा आहे, की त्याच सॅम्पलच्या क्रमवारीवर?
- दावा गटाबद्दल आहे की एका माणसाबद्दल?
- या आकड्यामुळे कोणी काही करणार असेल, तर ते काय करेल, आणि आकडा चुकला तर भोगणार कोण?

शेवटचा प्रश्न पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मला तो मॅडमनी शिकवला.

प्रपोजलचं काय झालं म्हणाल, तर ते बदलून मंजूर झालं. आता मी भाकीत करत नाही. वयाचे गट वेगळे ठेवतो, प्रत्येक मुलाचे निदान तीन नमुने घेतो, आणि नमुना घेतानाच आईला विचारतो: शेवटचं दूध कधी पाजलं? फॉर्ममध्ये तो एक रकाना वाढला आहे. पहिल्या प्रपोजलमध्ये तो नव्हता.

भेटू पुढच्या पोस्टमध्ये. तोवर अॅबस्ट्रॅक्टवर थांबू नका.